लूनाच्या खळग्यात तेल नव्हतं

बडोदे

कच्छला मी का गेले हे आधी सांगायला हवं, कारण आमच्या सोसायटीत अजून सगळ्यांना वाटतं की मी पांढरं रण बघायला गेले होते. रण मी पाहिलंच नाही. मी गेले ती रागाने, आणि राग होता आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांवर.

बडोद्यातला मराठी माणूस दोन तऱ्हेचा. एक संस्थानी. त्यांचे पणजोबा दरबारात होते, मग कारकून का असेनात, आणि घरात एखादी पगडी काचेच्या पेटीत ठेवलेली असते. दुसरे आम्ही, कंपनीवाले. रेल्वेत, कारखान्यांत, बाजव्याच्या रिफायनरीत पोटासाठी आलेले. आमच्याकडे काचेच्या पेटीत काही नसतं. गणपतीत आम्ही सगळे एकत्र आरती म्हणतो, एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवतो, पण मंडळाच्या व्याख्यानमालेत व्यासपीठावर कोण बसणार हा प्रश्न निघाला की पणजोबा आडवे येतात.

ही व्याख्यानमाला दर जानेवारीत, उत्तरायणाचे पतंग उडवून झाले की सुरू होते. संध्याकाळी मुख्य व्याख्यान. त्याला समई, शाल, नारळ, माइक, सगळा थाट. शनिवारी दुपारी भगिनी सत्र, म्हणजे कुणीतरी अर्धा तास बोलायचं आणि मग हळदीकुंकू. मी बडोद्यातल्याच मांडवीजवळच्या एका शाळेत मराठीतून भूगोल शिकवला, मराठी मुलं उरली होती तोवर शिकवला. निवृत्त झाल्यावर एका विषयाने मला पछाडलं. डिसेंबरच्या अखेरीस तो विषय घेऊन मी अध्यक्षांच्या, म्हणजे नानासाहेबांच्या घरी गेले. नानासाहेब वकिली केलेले, आवाज भारदस्त, आणि समोरच्याला वाक्य पूर्ण करू द्यायची सवय नाही.

"आकाशातून मोठमोठे दगड पृथ्वीवर आदळलेत," मी म्हणाले. "त्यांचा जमिनीखालच्या तेलाच्या साठ्यांशी काय संबंध असू शकतो, यावर मला बोलायचंय."

"वा, वा. पण वहिनी, संध्याकाळचं सत्र अभ्यासकांचं असतं."

"मी अभ्यास केलाय."

"तसं नव्हे हो," ते म्हणाले, आणि कसं ते सांगितलं नाही.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी मालतीताई कॉफी घेऊन आल्या. ट्रे हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "पण एवढा मोठा दगड पडला तर तेल जळून नाही का जाणार?"

प्रश्न इतका नेमका होता की मी खुर्चीत पुढे सरकले. पण मी तोंड उघडायच्या आत नानासाहेब म्हणाले, "मालती, गॅसवर काही ठेवलंयस का? वास येतोय." वास कसलाही येत नव्हता. मालतीताईंनी ट्रे ठेवला आणि आत गेल्या.

"तुम्ही असं करा," नानासाहेब म्हणाले, "दुपारचं भगिनी सत्र घ्या. पण हा विषय नको, बायका कंटाळतील. एखादं प्रवासवर्णन करा, हलकंफुलकं."

"मी कुठे गेलेली नाही."

"मग जाऊन या," ते हसत म्हणाले.

घरी पोचेपर्यंत माझं ठरलं होतं. जाऊन येते, प्रवासवर्णनच करते, आणि त्यात हाच विषय नाही घातला तर कुंदा नाव लावणार नाही. माझे यजमान श्रीपादराव आयुष्यभर रिफायनरीत कच्चं तेल तापवायच्या युनिटवर होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "कुंदा, तेल खालून येतं. वरून पाऊस येतो." मी म्हटलं, "अहो, तुम्हाला ते पाइपातून आलेलं माहीत. पाइपात यायच्या आधी त्याचं काय झालं ते कोण बघणार?" यावर त्यांनी पेपर उघडला. मी एकटी जाते म्हटल्यावर मात्र मुकाट्याने माळ्यावरची बॅग काढली.

करजण

कुठे जायचं हे ठरवायला मी हेमांगीला फोन केला. हेमांगी माझी जुनी विद्यार्थिनी. नकाशात नर्मदा रंगवताना वही फाडायची, आता भूशास्त्रज्ञ आहे आणि तेलविहिरींवर काम करते. तिने आम्हाला रविवारी गाडीत घातलं आणि भरूचच्या हायवेने करजणकडे नेलं.

करजणच्या अलीकडे तिने गाडी थांबवली ती पोंकासाठी. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपल्याकडे हुरडा खायला शेतात जावं लागतं. आगटीभोवती बसायचं, कणसं तळहातावर चोळायची, बोटं काळी करायची, लसणाची चटणी मागून मागून खायची. इथे पोंक हायवेच्या कडेला काट्यावर तोलून मिळतो, वर लिंबाची शेव आणि साखरेचे दाणे. जळगावहून लग्न होऊन आले तेव्हा मी या साखरेच्या दाण्यांना नाक मुरडलं होतं. अजूनही मुरडते, पण खाते.

पुढे एका तुरीच्या शेताच्या कडेला तेल उपसायचा पंप होता. लोखंडी मान वर-खाली, वर-खाली. भोवती कुंपण, कुंपणाला लागून तुरीच्या शेंगा आणि एक बांधलेली शेळी. आत जायची परवानगी नव्हती. "मॅडम, उतरा ने. इथूनच बघा," हेमांगी म्हणाली आणि रस्त्यावरच्या खडीतला एक काळा दगड उचलून तिने माझ्या हातात दिला. आपला नेहमीचा काळा पाषाण, महाराष्ट्रात घराच्या पायात असतो तो.

"हे आपलं लाव्ह्याचं खडक. याच्यात तेल असेल काय?"

"नसणार," मी म्हणाले. "लाव्हा तापलेला. त्यात कुठलं आलंय तेल?"

"बरोबर. पण इकडे पादरा गावाच्या बाजूला याच काळ्या खडकातनं तेल काढलंय. खडक फाटलेला होता, आणि बाजूच्या थरातलं तेल फटीत जाऊन बसलं."

श्रीपादराव पुढे आले. "कशाने फाटला? उल्केने?"

"नाही सर. जमीन हलली, सरकली, तेच्याने."

यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तो दगड त्यांच्या हातात देऊन टाकावासा वाटला.

"पण सर, पूर्ण ऐका ने," हेमांगी म्हणाली. "तेलाला पहिले चिखल लागतो. तळ्याचा नाहीतर समुद्राचा. शेवाळ, बारीक जीव मरून त्यात दबतात. मग लाखो वर्षं आच, पण मापसर आच. मग ते तेल सरकतं, तर त्याला थांबायला जागा जोईए, फटी, पोकळ्या. आणि वर घट्ट झाकण. आता मोठी उल्का पडली तर यातल्या कशातही ढवळाढवळ करू शकते. खडक फोडते. खळग्याचे काठ उचलते, त्याखाली तेल अडकतं. खळग्यात तळं झालं तर वरती नवा चिखल बसतो. मेक्सिकोच्या आखातात तर, ज्या आघाताने डायनासोर गेले म्हणतात ने, त्याच आघाताने समुद्रातला कडा ढासळला आणि त्याचा जो चुरा पडला त्यात आज तेल आहे. पुष्कळ. अमेरिकेतसुद्धा जुन्या खळग्यांत विहिरी आहेत."

"म्हणजे तेल उल्का आणत नाही," हे म्हणाले.

"नाहीच आणत. ती घर बांधून देते, कधी कधी. राहणारा दुसरीकडनं येतो."

हे मला इतकं आवडलं की मी तिला परत सांगायला लावलं. यांनी तुरीची शेंग तोडून सोलायला घेतली. वाद हरत आला की ते हाताला काहीतरी काम देतात.

"आणि मुंबईच्या पश्चिमेला समुद्राखाली?" मी विचारलं. मी वाचलं होतं की तिथे डायनासोरांच्या काळातला एक प्रचंड खळगा आहे आणि आपलं समुद्रातलं तेल त्यावरच बसलंय, असं काही जण मानतात.

हेमांगीने दोन्ही हात वर केले. "मॅडम, ते स्टेजवर नका बोलू हां. बहुतेक लोक नाही मानत. पुरावा कच्चा आहे. तुम्हाला खळगा बघायचाच असेल तर कच्छमध्ये लूनाला जा. बन्नीच्या गवतात दोनेक किलोमीटरचा गोल खळगा आहे. तेल नाही तिथे. अगदी अलीकडचा आहे, काही हजार वर्षांचा, आणि तोसुद्धा उल्केचाच का, यावर भांडण चालू आहे."

"म्हणजे," परतताना हे म्हणाले, "जिथे तेल नाही आणि कदाचित उल्काही नाही, तिथे आपण तेलाचा आणि उल्केचा संबंध बघायला जायचं."

"हो," मी म्हणाले. "तुम्हाला यायचं नसेल तर नका येऊ."

बन्नी

उत्तरायण झाल्यावर निघालो. भुजपर्यंतची गाडी गाडीसारखीच होती, तिचं काही सांगत नाही. भुजला सकाळी दाबेली खाल्ली. बडोद्यातली दाबेली मी आजवर कौतुकाने खात आले होते, ती खोटी होती हे तिथे कळलं. भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर जुसबभाई, गप्प माणूस. लूनाला जायचंय म्हटल्यावर त्याने एकदाच विचारलं, "रण नथी जोवुं?" नाही म्हटलं. त्याने आरशातून श्रीपादरावांकडे सहानुभूतीने पाहिलं.

बन्नी म्हणजे सपाट. मी भूगोलात 'सपाट' हा शब्द हजारदा शिकवला असेन, पण तो मला इथे पहिल्यांदा दिसला. वेड्या बाभळीची झुडपं, करडं गवत, मधूनच मीठ फुटलेली जमीन आणि म्हशी. बन्नीच्या म्हशी काळ्याभोर, शिंगं वळून वेटोळं झालेली, चालण्यात कुठलीही घाई नाही. त्यांच्यासाठी जुसबभाई थांबायचा, हॉर्न वाजवायचा नाही. बडोद्याच्या अलकापुरीत माणसासाठीही कुणी थांबत नाही.

खळगा आला तो मला कळलाच नाही. मनात मी लोणारसारखं काहीतरी धरून चालले होते, उंच कडे, खोल तळं. जुसबभाईने जीप थांबवली आणि म्हणाला, "आ रह्युं." समोर जमीन किंचित खाली गेली होती, पसरट परातीसारखी. मधोमध पाणी, पाण्याकाठी कुंज पक्ष्यांचा मोठा थवा, आणि पाण्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशी. काठ इतका ठेंगणा की त्यावर चढताना चढतोय असं वाटत नाही.

"हे?" श्रीपादराव म्हणाले.

"हेच."

मला वाईट वाटलं हे कबूल करते. एवढा राग घेऊन एवढ्या लांब यायचं आणि समोर म्हशींचं तळं. पण परत वळायला मी आले नव्हते. पाण्याजवळ काळे जड दगड पडलेत असं वाचलं होतं, ते बघायला मी खाली उतरायला लागले. हे मागून "कुंदा, चिखल आहे, कुंदा" म्हणत होते. ऐकलं नाही. वरून कोरडी दिसणारी जमीन पायाखालून सरकली आणि मी सरळ बसले ती खांद्यावरच्या पिशवीवर. पिशवीत बडोद्याहून आणलेल्या खाकऱ्यांची, म्हणजे कडक भाजलेल्या पातळ पोळ्यांची, पाकिटं होती. त्यांचा आवाज कुंजांनीसुद्धा ऐकला असावा, कारण अर्धा थवा उडाला.

यांनी मला ओढून काढलं. हसले नाहीत, पण न हसायला त्यांना कष्ट पडत होते.

माझी साडी कमरेपर्यंत चिखलाची झाली होती, म्हणून जुसबभाईने आम्हाला गावात त्याच्या ओळखीच्या आईशाबेनच्या घरी नेलं. आईशाबेन माझ्याच वयाची, हातात भरतकामाचं कापड, आवाज नानासाहेबांच्या तोडीचा. तिने मला भुंग्यात, म्हणजे त्यांच्या गोल मातीच्या घरात नेलं, आपला घागरा दिला, माझी साडी धुऊन बाभळीच्या कुंपणावर वाळत घातली आणि चहा टाकला. म्हशीच्या दुधाचा चहा, त्यात पाणी नावालाही नाही. आमच्याकडे पाहुण्याला 'चहा घेणार का' असं विचारतात. इथे तो प्रश्न नसतो.

गप्पा गुजरातीत झाल्या. "भणेला, शिकलेले लोक येतात," ती म्हणाली, "दगड नेतात. एक पार्टी म्हणते आकाशातनं पडलं. दुसरी पार्टी म्हणते, ना, इथे जुन्या काळी लोखंडाच्या भठ्ठ्या होत्या, हा त्यांचा कचरा. तमे कई पार्टीना?"

"त्रीजी," मी म्हणाले.

"त्रीजी वळी कई?"

"जिला अजून माहीत नाही ती."

ती मोठ्याने हसली आणि म्हणाली की तिची पण तीच पार्टी, कारण कुणाचंही खरं ठरलं तरी म्हशींना पाणी तेवढंच मिळणार. तसला एक काळा दगड तिच्या अंगणात होता, चाऱ्यावरचं जाळं उडू नये म्हणून ठेवलेला. मी तो उचलून पाहिला. वजनाने माझं मनगट वाकलं. वर बुडबुड्यांची भोकं होती, आकाशातली असतील नाहीतर भट्टीतली. मी तो जाळ्यावर परत ठेवला.

मग मी लाजत लाजत खाकऱ्यांची पाकिटं काढली. पाहुण्याने रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून आणलेली, आणि आत नुसता चुरा. आईशाबेनला त्याचं काहीच वाटलं नाही. एक पाकीट कसंबसं वाचलं होतं. तिने त्यातला अख्खा खाकरा ताटलीत ठेवून त्यावर गरम तूप सोडलं आणि यांच्यापुढे केला. तूप खाकऱ्यावरून घसरलं आणि ताटलीच्या कडेला जमलं. मग तिने वाडग्यात चुरा घेतला, गूळ घातला आणि तेवढंच तूप त्यावर ओतलं. तूप नाहीसं झालं. तिने आणखी ओतलं. तेही गेलं.

मी वाडग्याकडे बघतच राहिले. तोच खाकरा, तेच पीठ. अख्ख्यावर तूप ठरत नव्हतं आणि फोडलेल्यात मावत होतं.

"अहो," मी म्हणाले.

श्रीपादरावांनी वाडगा हातात घेतला, तिरपा करून बघितला, बोट घालून बघितलं. आयुष्यभर टाक्या भरलेला माणूस. मग म्हणाले, "साठवण वाढली." त्यांच्या तोंडून हे येणं म्हणजे काय ते आमच्या घरात फक्त मलाच कळेल.

तुपात भिजलेला तो गोड चुरा आम्ही तिघांनी मिळून संपवला. इतकं चांगलं काही मी त्या आठवड्यात खाल्लं नाही.

भुज

लॉजवर परत आल्यावर यांनी काढलेला माझा घागऱ्यातला फोटो मी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'लूनाच्या खळग्यात'. चहा येतो न येतो तोच नानासाहेबांचा फोन.

"वहिनी, उल्केचा खळगा? कमाल केलीत. मी काय म्हणतो, शनिवारचे संध्याकाळचे वक्ते येत नाहीयेत. ते सत्र तुम्ही घ्या."

मी उभीच राहिले. "मुख्य सत्र? माझ्या विषयावर?"

"तुमच्याच. मी नावही काढून ठेवलंय. 'आकाशाने दिलेलं तेल'. फलक रंगवायला टाकतो. मुंबईचं तेल, आपलं तेल, सगळं उल्केने दिलं. लोकांना अभिमान वाटेल असं बोला."

"पण नानासाहेब, तसं नाहीये. उल्का तेल देत नाही. आपल्या इकडचं तर उल्केमुळे नाहीच, निदान आज माहीत आहे त्यावरून. समुद्राखालचं बहुतेक जण मानत नाहीत. हा लूनाचा खळगासुद्धा..."

"असू शकतं ना पण?"

"असू शकतं आणि आहे, यात फरक आहे."

"वहिनी, श्रोत्यांना एवढा फरक नको असतो. 'असू शकतं' ऐकायला कोणी शाल पांघरून थंडीत येत नाही. तुम्हाला संध्याकाळ हवी होती ना? ही घ्या. नाहीतर दुपार आहेच, प्रवासातल्या गमतीजमती."

मी उद्या कळवते म्हणाले आणि फोन ठेवला.

खरं सांगते, मला ती संध्याकाळ हवी होती. समई, माइक, पहिल्या रांगेत पगड्यांचे वंशज, आणि वर बाजव्याच्या कॉलनीतली मी. अर्धं आयुष्य त्या सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसून दुसऱ्यांना ऐकलंय. एक दिवस थोडं फुगवून बोललं तर कोण मोजमाप घेऊन बसलंय? हेमांगी काही तिथे येणार नव्हती. आईशाबेन तर नाहीच.

श्रीपादराव पलंगावर बसून माझ्या चपलेवरचा वाळलेला चिखल खरवडत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "काय करणार?"

"तुम्ही सांगा."

"मी कशाला सांगू? चिखलात तू बसलीस."

मी तेव्हाच नानासाहेबांना निरोप टाकला. 'दुपारचं सत्र घेते. विषय माझा.' खाली त्यांनी नमस्काराचे हात पाठवले. माझ्यावर मेहेरबानी होता होता राहिली, असे ते हात होते.

पुन्हा बडोदे

हळदीकुंकवाला वाण लुटायची आपली पद्धत. अलीकडे प्लास्टिकच्या डब्या, फुलं काढलेले चमचे, गेल्या वर्षी तर मोबाइल ठेवायचा स्टँड. भगिनी सत्रात जी बोलते तिने वाण द्यायचं असा आमच्याकडे रिवाज आहे. मी मांडवीत गेले आणि खाकऱ्याची छोटी पाकिटं मागितली, सगळी, दुकानात होती तेवढी.

"लग्न छे?" दुकानदाराने विचारलं.

"हळदीकुंकू. वाण."

"वाणमां खाखरा?" तो म्हणाला. "बेन, डब्बी लई जाव ने, सारी लागे." मी डबी घेतली नाही.

शनिवारी दुपारी सभागृहात सतरंज्या अंथरलेल्या, जरीच्या साड्या, अत्तरदाणी, तिळगूळ. काहीजणींनी गुजराती शेजारणींना आणलं होतं. मालतीताई तिसऱ्या रांगेत, नेमक्या माझ्या जागी. पुरुष म्हणाल तर एकच, श्रीपादराव, स्टेजच्या कडेला गॅसची शेगडी आणि तुपाचं पातेलं घेऊन बसलेले. आयुष्यात इतके अवघडलेले मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

मी प्रवासवर्णन केलं. नानासाहेबांनी सांगितलं होतं तसंच, हलकंफुलकं. पोंक सांगितला, शेळी सांगितली, म्हशी सांगितल्या, चिखलात बसले तेही. आणि प्रत्येक ठिकाणी जे कळलं ते सांगितलं, शेवाळाचा चिखल, मापसर आच, फाटलेला काळा खडक, मेक्सिकोचा ढासळलेला कडा. माहीत नाही तिथे माहीत नाही म्हणाले. मग म्हटलं, "सगळ्यांना वाण मिळालंय ना? मांडीवर ठेवा. मूठ वळा. मी म्हणेन तेव्हा मारा."

सगळ्या सभागृहाचा एकदम आवाज झाला. कुणी हसल्या, कुणी दोनदा मारलं, एका आजीबाईंनी कोपराने फोडलं. श्रीपादराव पातेलं घेऊन रांगांतून फिरले, आधी एका अख्ख्या खाकऱ्यावर तूप घालून दाखवलं, मग प्रत्येकीच्या चुऱ्यात पळीभर. बायका पाकिटांत डोकावून बघत होत्या.

मग प्रश्न सुरू झाले. "असा दगड उद्या आपल्यावर पडला तर?" "डायनासोर खरंच त्यानेच गेले?" एका गुजराती शेजारणीने विचारलं, "तो आपणुं तेल आकाशमांथी के नहीं?" मी म्हणाले, "नहीं. आपणुं तो नहीं." तिने मान डोलावली आणि चुरा तोंडात टाकला. अर्धा तास केव्हाच उलटला होता. हळदीकुंकवाची तबकं भिंतीशी तशीच होती.

दार उघडलं. नानासाहेब, आणि त्यांच्याबरोबर शाल पांघरलेले एक गृहस्थ, संध्याकाळसाठी धावपळ करून मिळवलेले वक्ते.

"वहिनी, वेळ झाली," नानासाहेब दारातून म्हणाले. "पाहुणे आलेत. हॉल मोकळा करायला हवा. फार छान झालं असेल, गमतीजमती..."

"माझा एक प्रश्न राहिलाय," मालतीताई म्हणाल्या.

त्या उभ्या होत्या. हातात फोडलेलं पाकीट, बोटांना तूप.

"मालती, नंतर घरी..."

"घरी मी विचारला होता," मालतीताई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "वहिनी, एवढा मोठा दगड पडला तर तेल जळून नाही का जाणार?"

मी म्हणाले, "जातं. आघात जबरदस्त असेल आणि तेल आधीच तिथे असेल तर करपून जातं. म्हणून सगळं यावर आहे की दगड आधी पडला की तेल आधी आलं. दगड आधी आला तर तो घर करून ठेवतो. नंतर आला तर असलेलं घर जाळतो, नाहीतर भिंतीला भगदाड पाडतो आणि तेल निसटतं. कुठे काय झालं ते प्रत्येक ठिकाणी वेगळं शोधावं लागतं. हे सांगायला मला वेळ लागेल, ताई."

"मग लागू दे," त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. एकही बाई उठली नाही.

नानासाहेब दारात उभे, मागे पाहुणे उभे. पाहुण्यांना कुणीतरी खुर्ची दिली, ते बसलेसुद्धा. नानासाहेबांसाठी खुर्ची उरली नव्हती. मालतीताई सतरंजीवर जरा सरकल्या, शेजारी जागा केली, आणि टोपलीत उरलेलं एक पाकीट त्यांच्याकडे उंच धरलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि हे आधी फोडा."